डोनल्डसन, इयान स्टुअर्ट

(११ ऑगस्ट १९५७ – २४ सप्टेंबर १९९३). इंग्लिश पंक रॉक (जोरकस, बंडखोर रॉक संगीत) गायक, ‘स्क्रूड्रायव्हर’ या बँडचा म्होरक्या आणि ‘ब्लड अँड ऑनर’ या नवनाझी संघटनेचा एक संस्थापक. अतिउजव्या वर्तुळात तो नुसत्या ‘इयान स्टुअर्ट’ या नावाने ओळखला जातो. गायक म्हणून तो बेताचाच. मात्र वंशद्वेषी संगीताला रेकॉर्ड, कार्यक्रम आणि टपालाने होणारी विक्री असा चालता धंदा त्याने मिळवून दिला आणि त्यासाठीच त्याची दखल घ्यावी लागते.

त्याचा जन्म लँकेशरमधील पोल्टन-ल-फाइल्ड या गावचा. १९७५ मध्ये शाळासोबत्यांबरोबर त्याने काढलेला पहिला बँड रोलिंग स्टोन्सची गाणी वाजवत असे. पुढच्या वर्षी पंकची लाट आली आणि त्याच मंडळींतून स्क्रूड्रायव्हर उभा राहिला. लंडनच्या चिझिक रेकॉर्ड्सने १९७७ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड व अल्बम काढला. बीबीसीवर जॉन पील यांच्या कार्यक्रमासाठीही त्यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्या काळातल्या गाण्यांत वंशवादी राजकारण नव्हते. पण बँडने स्किनहेडचा (तुळतुळीत डोके, जाड बूट अशा वेशातल्या तरुणांचा) अवतार धारण केला, कार्यक्रमांत हाणामाऱ्या होऊ लागल्या, हॉलवाले दार लावून घेऊ लागले आणि लवकरच बँड मोडला. मूळ सदस्यांपैकी बहुतेक जण पुढच्या राजकारणापासून दूर राहिले.

इथे एक विसंगती लक्षात घ्यायला हवी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या कामगार वस्त्यांत स्किनहेड पोरे निपजली, तेव्हा त्यांच्या आवडीचे संगीत जमेकाहून आलेले स्का आणि रॉकस्टेडी हे कृष्णवर्णीयांचे नृत्यसंगीत होते. तुळतुळीत डोके आणि जाड बूट म्हणजे नाझी, हे समीकरण नंतरचे आहे, आणि ते रूढ करण्यात डोनल्डसनचा वाटा मोठा.

नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाने १९७९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ३०३ उमेदवार उभे केले. एकही निवडून आला नाही. मतपेटीतून काही हाती लागेना तेव्हा पक्षाची नजर तरुणांवर गेली. ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ या चळवळीला शह म्हणून काढलेली ‘रॉक अगेन्स्ट कम्युनिझम’ ही मोहीम तोवर रखडत चालली होती. डोनल्डसनने १९८२ मध्ये नव्या साथीदारांसह स्क्रूड्रायव्हर पुन्हा उभा केला, तो या मोहिमेचा मुख्य बँड ठरला. पक्षाच्या ‘व्हाइट नॉइज’ या लेबलने १९८३ मध्ये त्यांचे ‘व्हाइट पॉवर’ हे गाणे काढले. त्यानंतर काही आडपडदा उरला नाही.

ब्रिटनमध्ये मोठी रेकॉर्ड कंपनी मिळणे अशक्यच होते. ती उणीव पश्चिम जर्मनीतल्या रॉक-ओ-रामा या लेबलने भरून काढली. लंडनमध्ये हॉल मिळेनात, तेव्हा नंतर ब्रिटिश नॅशनल पार्टी या अतिउजव्या पक्षाचा नेता झालेल्या निक ग्रिफिनच्या वडिलांच्या सफोकमधील जागेत उघड्यावर कार्यक्रम झाले. डिसेंबर १९८५ मध्ये मारहाणीच्या प्रकरणात डोनल्डसनला १२ महिन्यांची कैद झाली. अनुयायांनी त्याला हुतात्मा करून टाकले, हे ओघाने आलेच.

पक्षाशी त्याचे फाटले ते बव्हंशी पैशांच्या हिशेबावरून. १९८७ मध्ये निकी क्रेन या स्किनहेडसह त्याने ब्लड अँड ऑनर काढले. हे नाव हिटलर यूथ या नाझी युवक संघटनेच्या घोषवाक्याचे इंग्रजी रूप आहे. पक्षाची मध्यस्थी संपली, आता बँडच मालक. (रस्त्यावरच्या मारामाऱ्यांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या या क्रेनने १९९२ मध्ये टीव्हीवर आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. डोनल्डसनने त्याच्याशी संबंध तोडले.)

कार्यक्रमांची रीत ठरलेली होती. जागा गुप्त ठेवायची, श्रोत्यांना एखाद्या स्टेशनावर जमवायचे आणि तिथून पुढे धाडायचे. विरोधकांनी नेमका हाच दुवा हेरला. १२ सप्टेंबर १९९२ रोजी अँटी-फॅसिस्ट ॲक्शनच्या कार्यकर्त्यांनी लंडनचे वॉटर्लू स्टेशन गाठले आणि तिथे तुंबळ मारामारी झाली. कार्यक्रम अखेर झाला, पण बरेच श्रोते पोहोचलेच नाहीत. वर्षभराने डर्बिशरमध्ये मोटार अपघातात जखमी होऊन वयाच्या ३६ व्या वर्षी डोनल्डसन मरण पावला आणि त्याच्याबरोबर स्क्रूड्रायव्हरही संपला.

हे संगीत ज्यांच्या विरोधात होते त्यांच्यात ब्रिटनमधील भारतीयही होते. ३ जुलै १९८१ रोजी लंडनच्या पंजाबी वस्तीच्या साउथॉलमध्ये हँब्रो टॅव्हर्न या पबमध्ये काही ‘ऑय’ (पंकचा एक प्रकार) बँडांचा कार्यक्रम ठेवला गेला. स्क्रूड्रायव्हर त्यात नव्हता, पण आलेल्या स्किनहेडांनी दुकानांची मोडतोड केली. चिडलेल्या आशियाई तरुणांनी ती टॅव्हर्न पेटवून दिली.

डोनल्डसनच्या मृत्यूनंतर त्याच्या स्मरणार्थ युरोपभर कार्यक्रम होत राहिले. अमेरिकेत अशा संगीताची स्वतंत्र बाजारपेठ तयार झाली. ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिनमधील ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार करून सहा जणांचा जीव घेणारा वेड मायकेल पेज याच वर्तुळातल्या बँडांत वाजवणारा होता. त्यात जबर जखमी झालेले एक ग्रंथी (गुरुद्वारातील धर्मसेवक) २०२० मध्ये वारले. ब्लड अँड ऑनरवर जर्मनीने २००० मध्ये बंदी घातली, कॅनडाने २०१९ मध्ये तिला दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकले. खुद्द ब्रिटनने तिची मालमत्ता गोठवली ती जानेवारी २०२५ मध्ये.