नेमबाजाला टार्गेट धूसरच दिसायला हवं

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला तो तुर्कीचा काका आठवतोय ना, युसुफ डिकेच, वय ५१, एक हात खिशात आणि डोळ्यावर साधा चष्मा? त्याच १० मीटर एअर पिस्तूल मिश्र प्रकारात आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंगला ब्राँझ मिळालं, त्याला सिल्व्हर, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला तो काकाच. "बाकीचे यंत्रं लावून बसलेत आणि हा घरच्या चष्म्यावर मेडल घेऊन गेला!" अहो, पाचवं ऑलिंपिक होतं ते त्याचं. आणि ती "यंत्रं" म्हणजे नेमबाजीचे खास चष्मे, ते कशाला लागतात तेच सांगतो.

मी हौशी नेमबाज, नंबर -२.२५. रोजचा चष्मा लावून पहिल्यांदा रेंजवर गेलो तेव्हा टार्गेट लख्ख दिसत होतं आणि पिस्तुलाची पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण), जिला जुने लोक माशी म्हणतात, ती पुसट. म्हटलं ठीकच आहे, मारायचंय तर टार्गेटलाच. इथेच गाडी चुकली.

समजा हात हलला आणि अख्खं पिस्तूल सरळच राहून ५ मिमी बाजूला सरकलं, तर छर्राही ५ मिमीच बाजूला लागेल. पण माशी मागच्या साइटच्या खाचेत फक्त १ मिमी इकडेतिकडे झाली तर? दोन साइटमधलं अंतर साधारण ३६ सेंमी, टार्गेट १० मीटरवर, म्हणजे चूक जवळपास २८ पट, छर्रा २८ मिमी लांब. दहा गुणांचं वर्तुळच मुळात ११.५ मिमी व्यासाचं! दहाऐवजी सात. म्हणून माशी धारदार दिसली पाहिजे, टार्गेटचा काळा गोल थोडा विरघळला तरी चालतं, गोलाचा मध्य डोळा बरोब्बर पकडतो.

आता नंबराचं गणित. डायॉप्टर म्हणजे १ भागिले मीटरमधलं अंतर. माशी डोळ्यापासून साधारण १ मीटर, म्हणजे १ डायॉप्टर, टार्गेट १० मीटर, म्हणजे ०.१. दोघांच्या मधोमध ०.५५. म्हणून लांबच्या नंबरात +०.५० मिळवतात, माशीला झुकतं माप द्यायचं असेल तर +०.७५. माझा झाला -१.७५. विशीतला डोळा हे स्वतःच सांभाळून घेतो, पण ७५ मिनिटांत ६० शॉट म्हटल्यावर तोही दमतो, आणि चाळिशीनंतर तर विचारूच नका.

मग दोन्ही थोडं थोडं पुसटच की! इथे येते आयरिस, ती काचेवरची बारीक भोकाची चकती. पुसटपणाचा कोन म्हणजे भोकाचा व्यास गुणिले डायॉप्टरची चूक. डोळ्याची बाहुली ४ मिमी आणि चूक अर्धा डायॉप्टर धरली तर २ मिलिरेडियन, म्हणजे १० मीटरवर २० मिमीचा धब्बा. तेच भोक १.२ मिमी केलं की ६ मिमी. चष्मा काढून पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून त्यातून बघा, कॅलेंडरवरच्या तारखा वाचता येतील. पण हावरटपणा नको, १.२ मिमीलाच प्रकाश अकरावा हिस्सा उरतो आणि १ मिमीच्या खाली गेलं की प्रकाश भोकाच्या कडेला वळून पसरतो (विवर्तन, दहावीनंतर विसरलेलं) आणि चित्र परत बिघडतं.

दुसरा डोळा मिटू नये, चेहरा आखडतो. त्यापुढे पट्टी लावायची तीही काळी नको, दुधी हवी, कारण एका डोळ्यावर अंधार केला की दोन्ही बाहुल्या मोठ्या होतात आणि मोठी बाहुली म्हणजे वरचाच धब्बा.

पिवळ्या काचेनं कधीकधी कॉन्ट्रास्ट वाढल्यासारखा वाटतो, नंबराचं काम ती करत नाही. आणि त्राटक करून नंबर घालवणाऱ्यांनी नेत्रगोलाची लांबी कशी कमी होते तेवढं सांगावं.

रायफलवाल्यांना मागच्या साइटमध्येच भोक असतं, त्यांची पंचाईत वेगळी. गाल दांड्याला टेकला की नजर काचेच्या नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून जाते, आणि जाड नंबराची काच कडेला तिरकी पडून चित्र ओढते. म्हणून शूटिंग फ्रेममध्ये एकच गोल काच असते, फिरवून नजरेसमोर सरळ आणता येते. प्रोग्रेसिव्ह चष्मा घरी ठेवा, मान जराशी हलली की नंबर बदलतो. उडत्या चकतीवर शॉटगन चालवायची तर मात्र सगळं उलटं, नजर चकतीवरच, दोन्ही डोळे उघडे, लांबचा पूर्ण नंबर आणि काच पॉलिकार्बोनेटचीच, तुकडे उडतात. परदेशात शॉटगननं उडते पक्षी मारणाऱ्या शिकाऱ्यांनाही हेच लागू, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो विषय जवळजवळ संपलाच.

माझा चष्मेवाला -१.७५ ऐकून म्हणाला, "साहेब, कमी नंबरात लांबचं धूसर दिसेल." म्हटलं, तेच हवंय. त्यानं ऑर्डरवर "ग्राहकाच्या सांगण्यावरून" लिहून माझी सही घेतली.