टोमॅटोचे पारंपरिक वाण

टोमॅटोच्या ज्या वाणांचे बी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले आणि जे पेरल्यावर मूळ झाडासारखेच फळ देते, ते पारंपरिक किंवा ‘हेअरलूम’ वाण. वाण किमान ५० वर्षे जुना असावा असे काहीजण मानतात, तर काहीजण दुसऱ्या महायुद्धानंतर संकरित बियाण्यांचा प्रसार झाला त्याआधीचेच वाण यात धरतात. वयाच्या या वादात फारसा अर्थ नाही. खरी कसोटी बियाची आहे, कारण संकरित टोमॅटोचे बी पुन्हा पेरले तर पुढच्या पिढीत भलतीच फळे येऊ शकतात.

टोमॅटोचे फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून हे वाण घरच्या घरी टिकवता आले. चांगल्या पिकलेल्या फळातल्या बिया रसासकट भांड्यात काढून दोन-तीन दिवस आंबू देतात. बियांभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो; आंबवल्यावर तो सुटतो. मग बिया धुऊन सावलीत सुकवायच्या. अमेरिकेत १९७५ साली स्थापन झालेली ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ ही संस्था अशा बियांचा संग्रह आणि देवाणघेवाण करते. तांबूस-जांभळा ‘चेरोकी पर्पल’ १९९० साली टेनेसीहून टपालाने आलेल्या बियांमुळे क्रेग लहूलियर या हौशी टोमॅटो-बागायतदाराच्या हाती लागला. नाव त्यांनीच दिले आणि वाण बियाणे विक्रेत्यांपर्यंत पोचवला. वेस्ट व्हर्जिनियात ‘रेडिएटर चार्ली’ म्हणून ओळखले जाणारे एम. सी. बाइल्स यांनी स्वतः तयार केलेल्या टोमॅटोची रोपे एकेक डॉलरला विकून घराचे कर्ज फेडले. त्या वाणाला ‘मॉर्गेज लिफ्टर’, म्हणजे कर्ज उतरवणारा, म्हणतात.

या वाणांची चव वेगळी लागते यामागे ठोस कारणे आहेत. पूर्वीच्या अनेक टोमॅटोंचे खांदे, म्हणजे देठाजवळचा भाग, पिकण्याआधी गडद हिरवे असत. काढणीची वेळ सहज कळावी म्हणून विसाव्या शतकात सर्वत्र सारख्या फिक्या हिरव्या रंगाची फळे निवडली गेली. ज्या जनुकीय बदलामुळे हा सारखेपणा येतो, त्यामुळे कच्च्या फळातले हरितद्रव्य घटते आणि साखरही कमी तयार होते, असे २०१२ साली स्पष्ट झाले. पुढे वाहतुकीत टिकण्यासाठी कडकपणा आणि उत्पादन यांवर भर राहिला, आणि सुगंधाकडे लक्ष देणारे कोणी उरले नाही. जुन्या वाणांचे तोटेही खरे आहेत. साल पातळ असल्याने पाऊस पडताच फळे तडकतात, अनेक रोगांना ती लवकर बळी पडतात आणि ‘ब्रँडीवाइन’सारखा वाण फळे उशिरा व मोजकीच देतो.

स्वयंपाकात कोणता टोमॅटो कशाला हे रंगापेक्षा फळाच्या आतल्या रचनेवर ठरते. ‘ब्रँडीवाइन’ आणि ‘चेरोकी पर्पल’ मोठे, रसाळ आणि पातळ सालीचे. चेरोकीची चकती कापली की विटकरी-जांभळ्या गरात बियांभोवतीचा हिरवट रस चमकताना दिसतो. फळ पिकतानाही हरितद्रव्य पूर्ण जात नाही, त्यातून हा रंग येतो. असे टोमॅटो कच्चेच खावेत: जाड चकत्या, वर मीठ, थोडे तेल, आणि पाच मिनिटांत ताटलीत सुटलेला रसही वाया न घालवता. ते शिजवणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय. पाणी आटेपर्यंत सुगंध उडून गेलेला असतो.

सॉससाठी ‘सॅन मार्झानो’, ‘अमिश पेस्ट’ असे लांबट वाण घ्यावेत. त्यांत गर जाड, बिया कमी आणि पाणीही कमी, त्यामुळे सॉस लवकर दाट होतो. इटलीत नेपल्सजवळच्या ठरावीक पट्ट्यात पिकवलेल्या ‘सॅन मार्झानो’ला १९९६ पासून युरोपीय संघाचे भौगोलिक मूळाचे संरक्षण आहे. सॉस करताना बिया काढून टाकण्याची सवय मात्र सोडावी. चवीला भरीवपणा देणारे ग्लुटामेट बियांभोवतीच्या गिळगिळीत भागात गरापेक्षा जास्त असते. ‘ऑक्सहार्ट’ मांसल असल्याने कच्चा आणि शिजवलेला, दोन्ही चालतो. ‘यलो पेअर’ नाजूक दिसतो, पण चवीला बेताचाच. तो सजावटीलाच बरा.

पिकलेले टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवू नयेत. १२ अंश सेल्सियसच्या खाली त्यांचा सुगंध कमी होतो. बरणीत टिकवायचे असतील तर जिभेवर विसंबू नये. गोड लागणाऱ्या फळात आम्ल कमी असेलच असे नाही, आणि आंबट लागणाऱ्यात पुरेसे असेलच असेही नाही. सामू (pH) ४.६ च्या वर गेला, म्हणजे आम्ल कमी पडले, तर हवाबंद बरणीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जीवाणू वाढू शकतात. म्हणून वाण कोणताही असो, साधारण एक लिटरच्या बरणीत बाटलीबंद लिंबूरसाचे दोन मोठे चमचे घालतात. ताज्या लिंबाची आम्लता कमीजास्त असते, त्यामुळे तो रस इथे चालत नाही.