पांथरीतली गाठ आणि न थांबणारी पोटदुखी : पार्श्वभूमी

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'प्लीहेत छोटी गाठ' (प्लीहा म्हणजेच पांथरी, पोटाच्या डाव्या बाजूला बरगडीखाली असणारा अवयव) अशी ओळ दिसली, की महिनोन्‌महिने दुखणाऱ्या पोटाचं कारण सापडलं असं घरातल्या सगळ्यांना वाटतं. वाटणं साहजिक आहे, कारण आपल्याकडे पांथरीवरचा संशय फार जुना आहे.

चरकसंहितेत प्लीहोदराचं, म्हणजे पांथरी वाढून पोट फुगण्याच्या आजाराचं वर्णन येतं. डाव्या कुशीत प्लीहा आधी गोट्यासारखी कठीण लागते, मग वाढत वाढत कासवाच्या आकाराची होते. हे ज्ञान हाताच्या बोटांचं होतं. पांथरी चांगली मोठी झाल्याशिवाय ती बरगडीखाली लागतच नाही. १८४० च्या दशकात यमुनेच्या कालव्यांकाठच्या गावांत हिवतापाचा अंदाज घेण्यासाठी ब्रिटिश डॉक्टर डेम्पस्टर यांनी लोकांच्या पांथऱ्याच तपासल्या. १९०३ मध्ये लीशमन आणि मद्रासमध्ये डोनोव्हन या डॉक्टरांनी काळा आजाराचे (पांथरी वाढवणाऱ्या दीर्घ तापाचे) परजीवी दाखवले, तेही पांथरीतूनच.

मग सोनोग्राफी आली, १९७० च्या दशकात सीटी स्कॅन आला आणि चित्र उलटलं. एक-दोन सेंटिमीटरच्या गाठीही दिसू लागल्या. त्यातल्या पुष्कळशा साध्या पाण्याच्या गाठी किंवा रक्तवाहिन्यांच्या निरुपद्रवी गाठी असतात. त्या सहसा दुखत नाहीत. पांथरीचा गाभा मुळात फारसा दुखतच नाही, दुखतं ते तिचं आवरण ताणलं गेलं की. म्हणून मोठी गाठ, पू, क्षयाच्या गाठी, किंवा रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग यांत दुखणं खरोखर पांथरीचं असू शकतं. गडचिरोली, नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांत हा शेवटचा प्रकार विसरून चालत नाही.

पण शेजारी कोण आहे? जठर, मोठ्या आतड्याचं वळण, डावं मूत्रपिंड, फुप्फुसाचा तळ आणि स्वादुपिंडाचं शेपूट. मला यातलं स्वादुपिंड सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्याला सूज आली की प्लीहेच्या शिरेत गुठळी होऊ शकते आणि पांथरी फुगते. म्हणजे रिपोर्टात दोष पांथरीचा दिसतो, दुखण्याचं मूळ मात्र शेजारी असतं.

एके काळी पांथरी काढून टाकणं सोपा उपाय वाटे. १९५२ मध्ये किंग आणि शूमाकर या सर्जननी ती काढलेल्या बाळांमधल्या गंभीर जंतुसंसर्गाची नोंद केली, तेव्हापासून सर्जन हात आखडता घेऊ लागले. आज बऱ्याचदा गाठीवर काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात आणि दुखण्याचा शोध वेगळा चालू ठेवतात. ताप, वजन घटणं, किंवा पोटाला मार लागल्यावर डाव्या खांद्यात कळ आणि चक्कर असेल, तर मात्र वाट बघायची नाही. खांद्याच्या त्या कळेला जर्मन सर्जन हान्स केर यांचं नाव आहे, आणि ती पोटात रक्तस्राव होत असल्याची खूण असू शकते.