विश्वामित्रीचा पूर कोणाच्या हद्दीत?

पावसाचा जोर वाढला की वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या मराठी घरांत दोनच प्रश्न ऐकू येतात: ‘आजव्याची लेव्हल किती?’ आणि ‘काळा घोडा किती?’ काळा घोडा पुलापाशी 26 फूट ही शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी. ऑगस्ट 2024 मध्ये पाणी 35 फुटांच्याही वर गेलं.

नदी उगम पावते पावागडच्या डोंगरात, पंचमहाल जिल्ह्यात. कातळावर पाणी फारसं मुरत नाही, ते धावत खाली येतं. तिला मिळणाऱ्या सूर्या नदीवर सयाजीराव महाराजांच्या काळात आजवा सरोवर बांधलं, शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी. ते काम ते आजही करतं आणि खरी मेख इथेच आहे. पिण्यासाठी तलाव भरलेला हवा, पूर अडवायला मात्र त्यात जागा रिकामी हवी. जुलैत पाणी सोडलं आणि पुढे पावसानं दडी मारली तर? राखून ठेवलं आणि ऑगस्टअखेर तो कोसळला तर?

खालच्या अंगाला वेगळीच अडचण. विश्वामित्री पुढे ढाढर नदीला मिळते आणि देव धरणातून सोडलेलं पाणीही ढाढरमध्येच येतं. ढाढर तुडुंब असली की विश्वामित्रीला पुढे वाट मिळत नाही, पाणी शहरात तुंबतं. आजवा महापालिकेकडे, देव धरण सिंचन खात्याकडे. दोन्हीकडचे दरवाजे एकमेकांना विचारून उघडले नाहीत, तर भोगावं लागतं काठच्या वस्त्यांना.

काठावरची कोतरंही या व्यवस्थेचाच भाग आहेत. मऊ गाळाची माती पाण्यानं कोरून झालेल्या या घळी. पुराचं पाणी आधी त्यांत शिरतं, थोडं मुरतं, उरलेलं नदी उतरल्यावर सावकाश परततं. याच मातीत मगरी बिळं करतात. भराव घालून कोतर सपाट केलं की तेवढं पाणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये येणारच. भुखी कांस, रूपारेल कांस यांसारखे नाले आवळले तरी तेच होतं. शहरातल्या नागरिकांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि 2021 मध्ये लवादानं नदीचं पूरक्षेत्र आखून ते जपायला सांगितलं.

माझं स्पष्ट मत आहे: पावसाळ्याआधी महापालिका, सिंचन खातं, पंचमहालातल्या ग्रामपंचायती आणि ढाढरकाठचे शेतकरी यांनी एकत्र बसून दरवाज्यांचं वेळापत्रक ठरवावं आणि ते लोकांसमोर ठेवावं. वरच्या गावांनी आपली तळी गाळ काढून खोल केली, तर त्याचा खर्च वडोदऱ्यानंही उचलावा, कारण तिथे थांबलेलं पाणी काळा घोड्यापर्यंत उशिरा पोचतं.