हत्तीएवढं जांभूळ

पूजेचा संकल्प सोडताना गुरुजी 'जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे' असा पत्ता सांगतात. या पत्त्यातलं सगळ्यात मोठं ठिकाण, जंबुद्वीप, ओळखलं जातं ते एका जांभळीवरून. मात्र ही जांभूळ कुणाच्या परसात उगवणारी नव्हे.

विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात ती भेटते. पुराणांतल्या मेरू पर्वताच्या दक्षिणेला गंधमादन पर्वत, त्यावर 1,100 योजनं उंच झाड आणि त्याला मोठ्या हत्तीएवढी फळं. ती डोंगरावर पडून फुटतात, रस वाहतो आणि त्याची नदी होते. तिचं पाणी पिणाऱ्यांना घाम येत नाही, अंगाला दुर्गंधी नाही, म्हातारपण नाही, इंद्रियं थकत नाहीत. काठची माती रसात भिजून वाऱ्यानं वाळली की तिचं सोनं होतं. तेच जांबूनद, सिद्धांच्या दागिन्यांचं सोनं. अमरत्वाच्या आधी घामाची आठवण यावी, यातच रचणारा उन्हाळ्याच्या देशातला होता हे कळतं!

आकार सोडला तर या फळाचं वागणं अगदी खऱ्या जांभळाचं आहे. पिकलेलं जांभूळ झाडावर राहत नाही. ते पडतं, फुटतं आणि खालची जमीन जांभळी करून टाकतं. पुराणकारानं तोच सडा वाढवत नेऊन नदीपर्यंत पोचवला, असं मला वाटतं. नदीकाठच्या मातीत सोनं सापडणं हाही खरा अनुभव; तोही त्याने रसालाच जोडून दिला.

महाभारताच्या भीष्मपर्वात याच झाडाचं नाव सुदर्शन आहे. तिथे रस मेरूला वळसा घालून उत्तरकुरूंच्या प्रदेशाकडे जातो आणि सोनं इंद्रगोपासारखं, म्हणजे आपल्या मृगाच्या किड्यासारखं, चमकतं. भागवताच्या पाचव्या स्कंधात फळं हत्तीएवढीच, पण बी अगदी बारीक. शिवाय तिथे मंदर पर्वतावर आंबाही आहे. त्याची फळं डोंगराच्या शिखरांएवढी आणि त्याच्या रसाचीही नदी, अरुणोदा. तरी द्वीपाला नाव मिळालं जांभळाचंच. आंब्याच्या अभिमान्यांनी हे सोसावं.

बाकीच्या द्वीपांतही हीच रीत दिसते: शाल्मलीद्वीपात सावर, कुशद्वीपात दर्भ. जैन भूगोलातही जंबूवृक्ष आहे, पण तो वनस्पती नसून पृथ्वीमय, रत्नांचा मानला जातो. तिथे रसाच्या नदीला जागाच उरत नाही.

उपलब्ध पुराणांच्या कितीतरी आधी, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात, अशोकाच्या लघुशिलालेखांत 'जंबुदीप' येतो. तिथे झाड नाही, सोनं नाही. आपल्या प्रयत्नांनी जंबुद्वीपातली माणसं देवांत मिसळू लागली, एवढंच राजा सांगतो आणि नाव साऱ्यांना ठाऊकच आहे असं धरून चालतो.