आयोवाचा शेतकरी : घाम आणि गहाणखत

अमेरिकेच्या मिडवेस्टमधला शेतकरी म्हटला की एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येतं. पहाटे उठून गोठ्यात शिरणारा, रविवारी बायकापोरांना घेऊन चर्चला जाणारा, मोजकं बोलणारा कष्टाळू माणूस. चित्र खोटं नाही. पण त्याचं आयुष्य जेवढं घामाने घडवलं तेवढंच गहाणखतानेही, आणि ही दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही.

सुरुवात जमिनीपासून करू. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवासी जमातींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा मोठा पट्टा सोडावा लागला. तिथूनच पुढे मिडवेस्टमधलं आयोवा हे राज्य घडत गेलं. १७८५ च्या कायद्याने ठरलेल्या पद्धतीने त्याची एकेक चौरस मैलाच्या चौकोनांत मोजणी झाली. चौकोन ६४० एकरांचा, त्याचा पाव हिस्सा म्हणजे १६० एकर, आणि तेवढं एका कुटुंबाला पुरेल असा हिशेब. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर फुकट मिळू लागले, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. आयोवातली बरीचशी जमीन मात्र तोवर विकली गेली होती. सरकारी भाव एकरी सव्वा डॉलर, म्हणजे एका शेताला २०० डॉलर. एवढी रोकड नवख्या कुटुंबाकडे कुठून असणार? अनेकांनी ती सावकाराकडून उचलली. कर्ज पहिल्या नांगरटीच्या आधीपासूनच होतं.

शेती मक्याची, आणि मका घरच्या डुकरांना. डुकरं विकून बँकेचा हप्ता फिटायचा, म्हणून डुकराला तिथे ‘कर्ज उतरवणारा’ म्हणत. कोंबड्यांची अंडी आणि दुधावरची साय घरधनीण विकायची. किराणा त्या पैशांवर चालायचा. यंत्रं येण्याआधी मक्याची काढणी हातानेच होई. तळहाताला चामड्याच्या पट्ट्याने लोखंडी आकडा बांधलेला, त्याने कणसाचं पान फाडायचं, मनगटाच्या झटक्याने कणीस मोडायचं आणि न बघता गाडीत फेकायचं. गाडीच्या पलीकडच्या बाजूला उंच फळी असे. कणीस तिच्यावर आदळून आत पडे. घोडे नुसत्या हाकेवर पुढे सरकत. थंडी पडली तरी काम सुरूच, आणि घरातली मुलं शाळा बुडवून बापाच्या मागे.

पहिल्या महायुद्धात धान्याचे भाव चढले, लोकांनी चढ्या दराने जमिनी घेतल्या. १९२० मध्ये भाव कोसळले आणि पुढच्या महामंदीत तर मक्याला इतकी मातीमोल किंमत आली की काहींनी कोळशाऐवजी कणसं चुलीत घातली. जप्त्या सुरू झाल्या. तेव्हा शेजाऱ्यांनी शोधलेला मार्ग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत माणुसकीचा वाटतो. लिलावाच्या दिवशी सगळा गाव अंगणात जमायचा, गाईला पाच-दहा सेंटांची बोली लागायची, दुसरं कुणी तोंड उघडायचं नाही. परका बोली लावायला आलाच तर त्याला कोठाराला टांगलेला फास दिसायचा. लिलाव संपला की जनावरं, अवजारं सगळं मूळ मालकाला परत.

ही माणुसकी नेहमीच सौम्य नव्हती. एप्रिल १९३३ मध्ये ल मार्स गावी संतापलेल्या शेतकऱ्यांनी न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांना न्यायालयातून ओढून नेलं आणि गळ्यात दोर अडकवला. जप्तीच्या आदेशांवर सही न करण्याची शपथ घ्यायला ब्रॅडली यांनी नकार दिला. ते बचावले, पण राज्यपालांनी त्या परगण्यात लष्करी कायदा पुकारला.

पुढची काही दशकं बरी गेली. सरकारी आधारभाव आले, १९३५ नंतर खेड्यांत वीज पोचली, घोड्यांची जागा ट्रॅक्टरने घेतली. हेन्री वॉलेस यांनी १९२६ मध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली होती. तेच पुढे देशाचे कृषिमंत्री आणि उपराष्ट्राध्यक्ष झाले. पीक वाढलं, पण बियाणं आता दरसाल विकत घ्यायचं. डिझेल, खतं, औषधं, सगळ्यालाच रोकड लागू लागली.

मग आली सत्तरीची तेजी. १९७२ मध्ये सोव्हिएत संघाने प्रचंड धान्य उचललं, आणि कृषिमंत्री अर्ल बट्झ शेतकऱ्यांना बांधापासून बांधापर्यंत पेरा म्हणून सांगत होते. जमिनीचे भाव चढत होते, त्यामुळे तारण वाढत होतं आणि बँका कर्ज घ्या म्हणून मागे लागत होत्या. ज्याच्या हाताशी तरुण मुलगा होता त्याने शेजारची जमीन घेतली, मोठा ट्रॅक्टर घेतला. मग महागाई रोखण्यासाठी व्याजदर वाढवण्यात आले. डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा मूळ दर साडेएकवीस टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी जानेवारीत रशियाला धान्य विकण्यावर बंदी आली होती. आयोवात १९८१ मध्ये सरासरी एकरी २,१४७ डॉलर असलेली जमीन १९८६ मध्ये ७८७ डॉलरवर आली. तारण विरघळलं, कर्ज तेवढंच राहिलं.

यात आळशी माणूस बुडाला असं अजिबात नाही. उमेदीचा, कुटुंबासाठी विस्तार करणारा आणि सरकारचं व बँकेचं ऐकणारा माणूस आधी बुडाला. आजोबांनी टिकवलेली जमीन आपल्या हातून गेली, ही बोचणी अनेकांना सहन झाली नाही. आत्महत्या झाल्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला यापुढे काही समजावून सांगायला नको. गेलेल्या शेतांच्या नावाने न्यायालयांसमोरच्या हिरवळीवर पांढरे क्रूस रोवले गेले. १९८५ मध्ये आयोवात शेतकरी कुटुंबांसाठी मदतीची दूरध्वनी सेवा सुरू झाली, आणि १९८६ मध्ये शेतकऱ्यांसाठी दिवाळखोरी कायद्यात बाराव्या प्रकरणाची, म्हणजे शेती राखून कर्ज हप्त्यांनी फेडण्याच्या सोयीची, भर पडली. पण तोवर अनेकांचं सारं काही विकलं गेलं होतं. घरधनीण शाळेत किंवा रुग्णालयात नोकरीला लागली. पगाराइतकाच त्या नोकरीतला आरोग्यविमाही घराला हवा होता. ती पद्धत आजही टिकून आहे.

त्या शेतांशी आपलं एक थेट नातंही आहे. मक्याबरोबर तिथे सोयाबीनही पिकतं. साठच्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांत अमेरिकी सोयाबीनच्या चाचण्या झाल्या. तिथून ते पीक माळव्यात आणि मग आपल्याकडे पसरलं. लातूरच्या बाजारातला भाव आज शिकागोच्या वायदेबाजाराकडेही बघत असतो, आणि शिकागोची नजर आयोवा-इलिनॉयच्या पावसावर असते.

आता तिथे प्रश्न वारशाचा आहे. आयोवातली निम्म्याहून अधिक शेतजमीन भाडेपट्ट्यावर कसली जाते आणि एक तृतीयांशाहून अधिक जमिनीचे मालक पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत. चार भावंडांतला एक जण शेती करणार असेल, तर उरलेल्या तिघांचे हिस्से त्याला आजच्या बाजारभावाने विकत घ्यावे लागतात, आणि त्यासाठी तो पुन्हा बँकेत जातो.