सोलापूरचे पाणी : तळ्यापासून उजनीपर्यंत

सोलापुरात ‘पाणी कधी येणार?’ या प्रश्नाचे उत्तर तासांत नव्हे, वारांत देतात. ‘आमच्याकडे सोमवारी आले होते, आता शुक्रवारी.’ वर्षानुवर्षे तीन ते पाच दिवसांआड पाणी घेणाऱ्या या शहराजवळ पाण्याचे उद्भव मात्र एक नव्हे, तीन आहेत. अडचण कुठे आहे हे समजायला मागे जावे लागते.

गाव वसले ते पाण्याच्या काठाला. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदवलेले तळे आजही शहराच्या मध्यभागी आहे. 1860 मध्ये रेल्वे आली, 1877 मध्ये जुनी गिरणी उभी राहिली आणि पाठोपाठ विणकर, मजूर, व्यापारी आले. जिल्ह्याचा सरासरी पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. मग आडांवर आणि तळ्यावर एवढे शहर कसे भागणार? आदिला नदीवरचा एकरुख तलाव 1871 मध्ये पुरा झाला होता. तो बांधला शेतीसाठी, पुढे शहराची तहानही त्याच्यावर आली. सोलापूरकर त्याला हिप्परगा म्हणतात. तिथले पाणी भवानी पेठेच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते. त्यानंतर भीमेवरची टाकळीची योजना, तिथले पाणी सोरेगावच्या केंद्रात. शेवटी भीमेवरचेच उजनी धरण, सुमारे 110 किलोमीटर लांब.

टाकळीची योजना कागदावर स्वस्त दिसते, कारण पाणी नदीच आणून देते. पण हिशेब मांडून पाहावा. दहा लाख लोक, माणशी 135 लिटर आणि वर 15 टक्के गळती धरली तर रोज साधारण साडेपंधरा कोटी लिटर लागतात. वर्षाचे झाले दोन टीएमसी (अब्ज घनफूट). उलट टाकळीला पाणी पुरवणारे औज आणि चिंचपूरचे बंधारे भरण्यासाठी उजनीतून नदीत एकदा पाणी सोडायचे म्हणजे पाच-सहा टीएमसी लागतात आणि अशी आवर्तने वर्षात एकाहून अधिक होतात. कोरड्या पात्राची वाळू आधी पिते, ऊन थोडे नेते, दोन्ही काठांवरचे कृषिपंप उरलेल्यावर हात मारतात. त्यात काही गुपित नाही, त्या शेतकऱ्यांचीही पिके उभी असतात.

म्हणून थेट जलवाहिनी. उजनीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून 496.83 मीटर आणि सोलापूर साधारण 458 मीटरवर, म्हणजे धरण शहरापेक्षा उंच. तरीही पाणी पंपाने ढकलावे लागते. वाटेत चढ आहेत आणि शंभरावर किलोमीटरच्या नळातले घर्षण मोठे आहे. खंडाळीपर्यंत पंपाचा जोर, तिथून उताराने पाकणीचे शुद्धीकरण केंद्र. धरणाचा मृत साठा, म्हणजे आपोआप बाहेर न पडणारे तळाचे पाणी, 63.65 टीएमसी आणि उपयुक्त साठा 53.57. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजतात आणि मृत साठ्याला हात लागला की ती उण्यात जाते, त्यामुळे ‘उजनी उणे 60 टक्के’ ऐकून धरण आटले असे वाटते. प्रत्यक्षात तेव्हाही 31 टीएमसीच्या आसपास पाणी असते. फक्त ते जॅकवेलच्या, म्हणजे जिथून पंप पाणी उपसतात त्या विहिरीच्या, तोंडाखाली गेलेले असते. मग तरंगत्या पंपांनी ते उचलून जॅकवेलमध्ये टाकायचे, हे दुबार पंपिंग. पातळी आणखी उतरली की तिबार. दर टप्प्याला वीज वेगळी, बिघाडाची जागाही वेगळी. जुन्या वाहिनीला जोड म्हणून रोज 17 कोटी लिटरची (170 एमएलडी) समांतर वाहिनी आली ती या पार्श्वभूमीवर.

पण आमच्या मते खरी गाठ 5 मे 1992 च्या हद्दवाढीत आहे. बाळे, शेळगी, देगाव, मजरेवाडी, कुमठे अशी आजूबाजूची गावे महापालिकेत आली आणि 33 चौरस किलोमीटरचे शहर एका दिवसात 178 चौरस किलोमीटरचे झाले. 1991 ची लोकसंख्या 6.04 लाख, 2001 ची 8.72 लाख. ही 44 टक्क्यांची उडी बरीचशी हद्दीची होती. तोच दर पुढे लावला असता तर 2011 ला साडेबारा लाख निघाले असते. जनगणनेत भरले 9.51 लाख. अंदाज बांधताना जुनी आणि नवी हद्द वेगळी न ठेवल्याने होणारी ही नेहमीची चूक. दुसरे असे की दाटी चौरस किलोमीटरमागे 18 हजारांवरून 5,300 वर आली. तेवढ्याच घरांना कितीतरी जास्त नळ, जास्त सांधे, जास्त गळती.

त्यात हद्दवाढ भागातली गुंठेवारी, म्हणजे आराखड्याविना गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून झालेली वस्ती. पाण्याचा आणि सांडपाण्याचा नळ यांत आडवे तीन मीटर अंतर असावे असा संकेत आहे. दहा-बारा फुटी बोळात ते शक्यच नसते, मग पाण्याचा नळ निदान अर्धा मीटर वर घ्यावा लागतो. खाली काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. नळाखाली-भोवती मुरमाची गादी न देता चर बुजवला की दोन-तीन उन्हाळ्यांत सांधे सुटतात.

आता शुक्रवारच्या त्या पाण्याकडे बघा. चार दिवसांचे पाणी तीन तासांत द्यायचे, म्हणजे सरासरीच्या 32 पट प्रवाह. मोठ्या शहराच्या वितरण नळ्या सरासरीच्या दुपटीसाठी आखतात. साहजिकच चढावरच्या आणि नळीच्या शेवटच्या टोकाच्या घरांत धार करंगळीएवढी. मग नळालाच मोटार जोडली जाते. ती नळीत उणा दाब तयार करते आणि सुटलेल्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. पहिल्या पाच-दहा मिनिटांचे गढूळ, वासाचे पाणी बरेचदा तिथूनच येते. उद्भवावर कितीही पाणी वाढवले तरी हे थांबत नाही. त्यासाठी एकेका टाकीखालचा भाग व्हॉल्व्हने पूर्ण वेगळा करावा लागतो, आत येणारे पाणी मोजावे लागते, रात्री नळ बंद असताना मीटर फिरतोय का ते पाहावे लागते, गळती काढावी लागते आणि मगच दिवसाआड, पुढे रोज, असे जावे लागते.

एवढ्यात शहर हद्दीबाहेरही सरकले आहे. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला आधी विडी कामगारांची दहा हजार घरकुले झाली, नंतर 30 हजार घरांचे रे नगर. त्यातल्या 15 हजार घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या. घरटी पाच माणसे धरली तर एकट्या रे नगरची मागणी रोज दोन कोटी लिटरच्या पुढे जाते, आणि महापालिकेच्या हद्दीतल्या लोकसंख्येवर आखलेल्या कोणत्याही तक्त्यात तिचा रकाना नसतो.